तोवर हवा शिकलो

मिलच्या दारात ते चपला काढायचे. त्यात भक्तिभाव वगैरे काही नसायचा. एक चप्पल इकडे, एक तिकडे. मग आत जाऊन चालू रोलरच्या शेजारी अनवाणी उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला तुरीची धूळ, पोती वाहणारे हमाल, पट्ट्यांची फडफड, आणि मधोमध इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला हा माणूस दोन-तीन मिनिटं खांबासारखा उभा. नवा मालक असला की घाबरायचा. जुने मालक मुनीमाला खूण करायचे, चहा सांग.

"बेअरिंग जायला लागलं की आधी पायाला कळतंय, ताई," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. "कानाला कळंस्तोवर उशीर झालेला असतोय."

मी हसू दाबलं. त्यांनी ते पाहिलं, पण राग मानला नाही. "तुम्ही बी काढा चपला," म्हणाले. मी काढल्या. मला फक्त फरशी गरम लागली.

नांदेडच्या एका एजन्सीत आम्ही दोघं विक्रीला होतो. डाळमिलला लागणारं सगळं सामान विकायचो: पट्टे, बेअरिंग, चाळण्या, रोलर. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर हा आमचा भाग. त्यांची तिथं पंचवीस वर्षं झाली होती. मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरकडची, विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच आलेली, आणि त्या ऑफिसातून विक्रीला बाहेर पडणारी पहिली बाई. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोलीचं वाचनालय होतं, आणि शिकलीस तरच इथून निघशील हे मी कळत्या वयापासून ऐकत आले होते. म्हणून शिकले. पण शिकणं म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा पास झाली की शिकणं संपलं, अशी माझी समजूत होती.

एजन्सीच्या साहेबांनी मला तीन महिने दिले होते. तेवढ्यात स्वतःची एक तरी मोठी ऑर्डर आणायची, नाहीतर काउंटरवर बसून बिलं करायची. ऑफिसातल्या बाकीच्यांनी माझी खुर्ची काउंटरमागं जवळजवळ ठरवूनच टाकली होती. आणि मला शिकवायला कोण दिलं, तर हे! "त्यांच्याबरोबर जाताय? मग ऑर्डर विसरा, ज्ञान मिळेल," एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला कॅटलॉगची पिशवी उघडूच दिली नाही. मिलमध्ये जायचं, बघायचं, विचारायचं, परत यायचं. मी कंटाळले. लातूरच्या स्टँडवर एकदा मी बोललेच.

"सर, आपण विकून राहिलो की फिरून राहिलो?"

त्यांना माझं ते 'राहिलो' फार आवडायचं. "तुमच्या किनवटाकडं असं म्हणतेत व्हय? आमच्याकडं 'विकायलो, फिरायलो'," ते म्हणाले, आणि खिशातली वही काढून तेवढंही लिहून घेतलं. मग म्हणाले, "बोलता कुणाला बी येतंय, ताई. विचारता येत न्हाई कुणाला. मालकाला ठाव नसलेली त्याच्याच मिलची एक गोष्ट तुम्हाला कळली ना, की पिशवी उघडा."

ती गोष्ट मला कळली ती लातूरच्या एमआयडीसीतल्या एका मिलमध्ये. तिथं डाळ फार फुटत होती. फुटलेली डाळ म्हणजे तुकडा, आणि तुकड्याला बाजारात भाव नाही. मालक म्हणत होता, माल ओला. मिस्त्री मान डोलवत होता. सरांनी दोन दाणे उचलून दाताखाली धरले. दाणा चावून ओल सांगायची त्यांना सवय होती. त्या सवयीपायी दोन दाढा गेल्या होत्या. "माल वाळलेला हाय," ते म्हणाले. मालकाला ते आवडलं नाही.

मग ते माझ्याकडं वळले. "मागं शेडमध्ये बाया डाळ निवडायल्यात. तिथं मला कुणी बसू देणार न्हाई. तुम्ही जा."

मी गेले. दहा-बारा बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. मीही एक सूप घेतलं. त्यांनी माझं गाव विचारलं, लग्न विचारलं, पगार विचारला. तासाभरानं त्यातली सगळ्यात वयस्कर बाई आपण होऊन म्हणाली, "आठ दिस झाले, दुपारच्यानं तुकडा लई यायलाय बघ. सकाळी न्हाई येत."

"मालकाला सांगितलं का मावशी?"

"आमाला कोण इचारतंय?"

मी धावत आत गेले. सरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता हे नाचतात की काय! "दुपारी!" ते म्हणाले. "सकाळी काय गार असतंय आन् दुपारी तापतंय?" जेवणं झाल्यावर ते पुन्हा रोलरपाशी अनवाणी उभे राहिले. या वेळी मीही उभी राहिले, आणि शपथेवर सांगते, तळपायाखाली काहीतरी बारीक थरथरलं.

मिस्त्रीनं कुरकुरत रोलर खोलला. एका टोकाचं बेअरिंग तापून तापून निळं पडलं होतं. ते गरम झालं की रोलर केसभर डगमगायचा, आणि तेवढ्यानं डाळ फुटायची. मालकानं सगळ्याच रोलरची बेअरिंगं आणि पट्टे बदलायला सांगितले. ऑफिसात साहेबांनी विचारलं, ऑर्डर कुणाच्या नावावर लिहायची? सर म्हणाले, "जिनं विचारलं तिच्या."

मी काउंटरमागं बसले नाही, ती अशी.

त्यांच्या वहीचं सांगायला हवं. भेटल्यावर ते नमस्कार करत नसत, "आज काय नवं कळलं?" असं विचारायचे. शिपायाला, मालकाला, एसटीच्या कंडक्टरला, कुणालाही. आणि स्वतःला रोज एक तरी नवी गोष्ट कळलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नाही कळली तर घरी जायचं नाही. लातूरच्या स्टँडवर एकदा आमची गाडी लागलेली, मी जागा धरून बसलेली, आणि हे खाली चांभाराशेजारी उकिडवे बसून चामडं शिवायचं शिकतायत. गाडी गेली. मी खिडकीतून हाका मारत राहिले. त्यांनी मान वर करून हात हलवला, जा म्हणाले.

त्याच चांभाराच्या टाक्यावर पुढं देगलूरची एक जुनी मिल चार दिवस चालली. तिचा रुंद पट्टा तुटला होता आणि तसा पट्टा यायला वेळ लागणार होता. सरांनी बाजारातून आरी आणि दोरा आणवला आणि शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतः पट्टा शिवला. म्हातारे मालक बघत राहिले. "तुम्ही पट्टे विकणारे ना? मग जुनाच शिवून का देताय?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "नवा येईलच की. तवर मिल का म्हणून झोपवायची?"

देगलूरकडचे बरेच मिस्त्री तेलुगू बोलणारे. म्हणून सरांनी तेलुगू शिकायचं ठरवलं, आणि शिकले ते आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका आजीकडून. त्यामुळे ते तेलुगू बोलायला लागले की मोठमोठ्या मिशांच्या मिस्त्र्यांनाही "रा अम्मा, कूर्चो अम्मा" म्हणायचे, म्हणजे ये गं बाई, बस गं बाई. मिस्त्री पोट धरून हसायचे. चूक कळल्यावरही सरांनी ती सुधारली नाही. हसलेला माणूस मशीन लवकर उघडून दाखवतो, असं त्यांचं म्हणणं.

मी पाच वर्षं त्यांच्याबरोबर फिरले. त्या प्रवासांची मला अजून इतकी आठवण येते, की कधी कधी गाडीत मागं एकटी बसलेली असताना मी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेते.

मग कलर सॉर्टर आले.

हे मशीन म्हणजे, वरून डाळ पडते, कॅमेरा एकेक दाणा बघतो, आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा एक फटकारा मारून त्याला बाजूला उडवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. आमच्या एजन्सीनं ते विकायला घेतलं. आता पट्टे-बेअरिंगवाल्यांचे दिवस भरले, असं सगळे म्हणायला लागले. सर छप्पन वर्षांचे होते. घाबरण्याऐवजी ते हरखून गेले. कॉम्प्युटरचं एक जुनं पुस्तक त्यांनी मिळवलं. नवा चष्मा केला. बसमध्ये माझ्याकडून इंग्रजी शब्द घोकून घ्यायचे. "दाणा दिसतोय म्हणजे नेमकं काय होतंय, ताई? त्या मशीनला काळं म्हणजे काळं हे कुणी सांगितलं?"

मशीन बनवणाऱ्या कंपनीचं महिनाभराचं प्रशिक्षण दक्षिणेत होतं. आमच्या एजन्सीला एकच जागा. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ विचारलं, "कुणाला पाठवू?"

सरांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, समोरच्या पेपरवेटकडं बघत राहिले. मला माहीत होतं त्यांना किती जायचंय. एवढंच म्हणायचं होतं, की सरांना पाठवा. जीभ उचलली गेली नाही. या प्रशिक्षणाला जाईल तो पुढं एरियाचा मुख्य होणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"ताईला पाठवा," शेवटी सरच म्हणाले. "त्यांची लई वर्षं हायती पुढं."

निघताना त्यांनी मला दोन फुलस्केप भरून प्रश्न लिहून दिले. तिथं विचारून या म्हणाले. तिथं गेल्यावर सगळे सुटाबुटातले इंजिनिअर पाहून मी त्यातले दोनच प्रश्न विचारले. कागद हॉस्टेलच्या खोलीतच कुठंतरी राहिले.

परत आले त्या सकाळी ते ऑफिसच्या पायरीवर कोरी वही घेऊन बसले होते. "आज काय नवं कळलं, मॅडम?" त्या दिवसापासून ते मला ताई म्हणेनासे झाले. टोमणा नव्हता तो. शिकवणाऱ्याला मान द्यायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"उद्या सांगते, सर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला लातूरला जायचं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मीटिंग. मशीनं विकली जात होती, मला गाडी मिळाली, फोन थांबत नव्हता. ते रोज वही घेऊन यायचे आणि मी रोज उद्या म्हणायचे. तीन महिन्यांनी त्यांनी वही आणणं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या श्रावणात उदगीरच्या एका मिलमध्ये मी बसवलेलं मशीन बिघडलं. काळे दाणे तसेच पुढं जात होते आणि चांगली डाळ बाहेर फेकली जात होती. कंपनीचा इंजिनिअर तीन दिवस व्हिडिओ कॉलवरून सेटिंग बदलायला सांगत होता. मी बदलत होते. काही फरक पडत नव्हता. मालक तरुण आणि तापट होता. "मॅडम, उद्यापर्यंत बघतो. न्हाईतर मशीन उचला. आन् लातूरच्या सगळ्या मिलवाल्यांना मी स्वतः फोन करून सांगतो," तो म्हणाला. त्याच महिन्यात माझ्या बढतीचं ठरणार होतं.

मी सरांना फोन लावला. "सर, जरा अडचण आहे," एवढंच म्हणाले. ते दुपारच्या एसटीनं आले.

त्यांनी स्क्रीनकडं पाहिलंच नाही. मशीनच्या मागं गेले, हवेच्या नळीवर तळहात ठेवला, आणि नळी धरत धरत कंप्रेसरच्या खोलीपर्यंत गेले. टाकीखालचा नळ त्यांनी पिळला. भसाभस पाणी आलं, लालसर, गंजाचं. थांबेचना.

"रोज सकाळी पाणी काढत न्हाईत का ह्यातलं?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं की काढायचं असतं. पावसाळी हवेतली ओल टाकीत साठत होती. ती फटकाऱ्याबरोबर पुढं जायची आणि हवा सोडणाऱ्या बारीक छिद्रांत धूळ चिकटून बसायची. फटका उशिरा बसायचा. काळा दाणा निघून जायचा आणि मागचा चांगला उडायचा. कॅमेरा बरोबर बघत होता, हातच जड झाला होता. आम्ही छिद्रं साफ केली, टाकी कोरडी केली. संध्याकाळी डाळ सोन्यासारखी पडायला लागली. मालकानं सरांना गच्च मिठी मारली.

"सर, हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"आपल्या नांदेडात वर्कशॉप कॉर्नरपाशी एक मोटारी रंगवणारा हाय. त्याच्याकडं जात होतो रोज. टाकीत पाणी राहिलं की त्याच्या रंगाला फोड येतेत." त्यांनी रुमालानं हात पुसले. "मशीनमध्ये दोन गोष्टी. कॅमेरा आन् हवा. कॅमेऱ्याचं तुम्ही सांगणार होता. तोवर हवा शिकलो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं. परतीच्या वाटेवर ते गाडीत शांत झोपले, आणि मी नांदेड येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिले. त्यांना उतरवताना म्हणाले, "रविवारी या, सर. ऑफिस रिकामं असतं."

त्या रविवारी ते आंघोळ करून, गंध लावून आले. मी चार तास शिकवलं. नोकरीतला माझा सगळ्यात सुंदर दिवस तो. मला जे येतं असं वाटत होतं त्यातलं निम्मं मला येत नाही, हे त्यांच्या प्रश्नांनी दाखवून दिलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मशीनला तुकडा दिसतोय. पण तुकडा का झाला, ते दिसतंय का?"

"नाही, सर."

त्यांनी वहीत 'न्हाई' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "मंग त्या निवडणाऱ्या बाया सगळ्याच घरी कशाला पाठवल्या? एखादी तरी ठेवा म्हणावं, डाळीवर नजर ठेवायला."

सॉर्टर आल्यावर त्या शेड ओस पडल्या होत्या. मशीनं मी विकली होती. माझी पहिली ऑर्डर ज्या मावशीनं मिळवून दिली, तिच्या हातातलं सूपही त्यातच गेलं होतं, आणि या गोष्टीचा मी तोवर विचारच टाळला होता. मी मालकांना सांगून पाहिलं. बहुतेक हसले. दोघांनी ऐकलं. मावशी मात्र तोवर गावाकडं निघून गेली होती. मी चौकशी केली, पत्ता लागला नाही.

मला बढती मिळाली, मी लातूरला आले. सर निवृत्त होऊन शिरूर अनंतपाळला मुलीकडं राहायला गेले. लातूरहून तसं ते जवळच. फोन व्हायचे. "या एकदा," ते म्हणायचे. "इथं एकजण मधमाश्या पाळायलाय. लई गमतीचं हाय." येते म्हणायचे मी. दोन वर्षांत मी त्या रस्त्यानं कितीतरी वेळा गेले असेन, पण गाडी तिकडं वळली नाही.

गेल्या हिवाळ्यात देगलूरच्या एका मिस्त्रीचा फोन आला, की सर गेले. झोपेतच. पंधरा दिवस होऊन गेले होते.

मी गेले तेव्हा त्यांची मुलगी शिलाई मशीनवर बसली होती. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. मी कोण ते सांगितलं. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला.

"बाबा सारखे कुठं तरी शिकायला जायचे," ती म्हणाली. "आई म्हणायची, ह्यांची शाळाच सुटली न्हाई. पण काम नेमकं काय करायचे हो? पट्टे विकायचे, एवढंच ठाव हाय आम्हाला."

"कधी विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं की म्हणायचे, माझं राहू दे, तू सांग, आज गळा कसा कापलास? मंग मीच सांगत बसायची." ती हसली आणि पदरानं डोळे टिपले. "आता म्हणलं, आपलं सगळं ऐकून घेतलं, त्यांचं काहीच ऐकायचं राहिलं. तुम्हाला येळ हाय का थोडा?"

लातूरला चार वाजता मीटिंग होती. मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला जेवून यायला सांगितलं आणि फोन गाडीतच ठेवला. आत आले तोवर तिनं मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं आणि चटई टाकली होती.

"शेतातून तूर मिलमध्ये येते ना," मी सुरुवात केली, "तेव्हा तिच्यात काड्या असतात, माती असते, खडे असतात. आधी ते चाळणीनं—"

"थांबा," ती म्हणाली. "खडा आन् तूर एकाच मापाची असली, तर चाळणीला कसं कळतंय?"

इतक्या वर्षांत एकाही मालकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी मांडी घालून नीट बसले आणि सांगायला लागले.